आबा टिपरे, तात्या विंचू आणि न सापडणारे चिमणराव

माध्यमशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे: ‘दिलीप प्रभावळकर यांच्या दूरचित्रवाणीवरील भूमिकांपैकी ऑनलाइन प्रेक्षकांत सर्वाधिक लोकप्रिय कोणती, आणि का? पाहणाऱ्यांच्या आकड्यांवरून त्यांच्या भूमिकांची क्रमवारी लावता येईल का? माझ्या प्रबंधात ती लावायची आहे.’

थोडक्यात उत्तर हवे असेल तर ते ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेतले आजोबा, ‘आबा टिपरे’, असे आहे. मात्र तुम्हांला हवी असलेली क्रमवारी लावता येणार नाही, आणि ती का लावता येत नाही हे पाहिले तर प्रबंधाला क्रमवारीपेक्षा चांगला विषय मिळेल असे मला वाटते. मी वीसेक वर्षे मराठी मालिकांचे संकलन केले आणि त्यानंतर जुन्या कार्यक्रमांच्या टेपा तपासून ते इंटरनेटवर चढवण्याजोगे करण्याचे काम करत आले आहे. या भूमिका ज्या मालिकांतल्या आहेत त्यांवर मी काम केलेले नाही. त्यामुळे पुढचे विवेचन समीक्षकाचे नाही आणि आतल्या गोटातलेही नाही. संकलनाच्या टेबलावर बसून जे दिसते तेवढ्याचेच आहे.

तुम्ही नट मात्र नेमका निवडला आहे. प्रभावळकरांचा जन्म 4 ऑगस्ट 1944 चा, आणि दूरचित्रवाणीवरचे त्यांचे काम मुंबई दूरदर्शनच्या कृष्णधवल काळापासून सुरू होते. म्हणजे घरातल्या एकाच संचाभोवती शेजारपाजार जमत असे तेव्हापासून, आज जेवताना फोन डब्याला टेकवून मालिका पाहिली जाते तेथपर्यंतचा सगळा प्रवास एकाच नटाच्या कामांत सापडतो. त्याहून महत्त्वाचे असे की हा नट भूमिकेत स्वतः उरत नाही. आवाज, चाल, मान धरण्याची पद्धत, वय हे सगळे तो बदलतो. ‘हसवाफसवी’ या स्वतःच लिहिलेल्या नाटकात त्यांनी सहा वेगवेगळी माणसे रंगवली, आणि ती पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक ‘त्या सहांत तुम्हांला कोण आवडले’ अशी चर्चा करत असे. ऑनलाइन लोकप्रियता मोजताना हाच गुण सर्वांत मोठी अडचण ठरतो, त्याकडे मी पुढे येईन.

आधी आकड्याबद्दल, कारण तुमचा सगळा भर त्यावर आहे. ‘व्ह्यू’ हा शब्द एकच असला तरी तो सगळीकडे एकाच गोष्टीचे माप नाही. फेसबुकवर व्हिडिओ तीन सेकंद चालला की तो पाहिला गेला असे धरण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ होती, आणि भिंतीवरून बोट सरकवताना तीन सेकंद सहज जातात. यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंची मोजणी 31 मार्च 2025 पासून बदलली. आता तो व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की दरवेळी एक आकडा वाढतो, किमान किती वेळ पाहिला याची अट त्यात उरलेली नाही. याउलट बावीस मिनिटांचा मालिकेचा पूर्ण भाग कोणी शेवटपर्यंत पाहिला, तरी त्याचाही आकडा एकच वाढतो. एका पारड्यात चिमूटभर आणि दुसऱ्यात पायलीभर ठेवून दोन्हीकडे ‘एक नग’ असे लिहिण्यासारखा हा हिशेब आहे. त्यातच जुन्या मालिकांचे भाग अधिकृत वाहिनीने चढवण्यापूर्वी वर्षानुवर्षे कोणा हौशी माणसाने घरच्या रेकॉर्डिंगवरून चढवलेले असतात. मालकी हक्काचा दावा झाला की ते उडतात, आणि त्यांबरोबर त्यांचे आकडेही जातात. व्हॉट्सॲपवरून घराघरांत फिरणाऱ्या तुकड्यांची तर नोंदच कोठे होत नाही. तेव्हा आज पडद्यावर दिसणारा आकडा म्हणजे त्या भूमिकेची आजवरची कमाई, असे समजू नका.

आता आबांकडे येऊ. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका 2001 ते 2004 या काळात तेव्हाच्या अल्फा मराठी वाहिनीवर झाली. प्रभावळकरांनी ‘लोकसत्ता’मध्ये लिहिलेल्या ‘अनुदिनी’ या सदरावर ती आधारलेली होती, दिग्दर्शन केदार शिंदे यांचे होते. आबांच्या भूमिकेत स्वतः प्रभावळकर, मुलगा शेखर म्हणजे राजन भिसे, सून श्यामला म्हणजे शुभांगी गोखले, नात शलाका म्हणजे रेश्मा नाईक आणि नातू शिऱ्या म्हणजे विकास कदम. तीन पिढ्यांची पाच माणसे, मध्यमवर्गीय घर आणि दर भागात एखादी लहानशी अडचण. भूमिका सुरू झाली तेव्हा प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते आणि आबा त्यांच्याहून बरेच म्हातारे. पण त्या म्हातारपणाचा थरथराट कोठेही नव्हता, हे आजही पाहताना पहिल्यांदा जाणवते.

ही मालिका ऑनलाइन का टिकली याचे नेहमीचे उत्तर ‘जुन्या काळाची ओढ’ असे दिले जाते. ते मला अपुरे वाटते. त्या काळच्या कितीतरी मालिका तितक्याच प्रेमाने पाहिल्या गेल्या आणि आज त्या कोणी उघडतही नाही. माझ्या मते पहिले कारण बांधणीचे आहे. टिपऱ्यांचा प्रत्येक भाग स्वतःपुरता पूर्ण आहे. मागचे काही ठाऊक नसले तरी अडत नाही, आणि भाग संपल्यावर ‘पुढे काय’ ही हुरहुर मागे राहत नाही. दूरचित्रवाणीच्या धंद्यात पुढे हीच गोष्ट दोष ठरली. प्रेक्षक उद्या परत यायचा तर त्याला आज अर्धवट सोडले पाहिजे, हा दैनंदिन मालिकांचा पाया आहे. इंटरनेटवर मात्र गणित उलटते. तेथे प्रेक्षकाला कोठूनही शिरता आले पाहिजे आणि केव्हाही उठता आले पाहिजे. ज्या मालिकेत दार प्रत्येक भागाला आहे, ती तेथे राहते.

दुसरे कारण पाहण्याच्या सवयीचे. जुन्या विनोदी मालिकांचे भाग मी चढवण्यासाठी तयार केले तेव्हा मला वाटले होते की लोक त्यांतले गाजलेले भाग शोधून पाहतील. प्रत्यक्षात प्रेक्षक किती वेळ टिकतो हे दाखवणारी रेषा, जिला आम्ही रिटेन्शन ग्राफ म्हणतो, ती काही वेगळेच सांगत होती. अशा भागांत ती रेषा उतरत उतरत जात नव्हती. बराच काळ सपाट राहून शेवटी एकदम तुटत होती. याचा अर्थ भाग लावून ठेवला जातो, आणि जेवण किंवा भांडी किंवा इस्त्री आटोपली की बंद होतो. पाहणाऱ्याला विनोद पाठ असतो. त्याला हवी असते ती घरात चालू असलेल्या माणसांच्या बोलण्याची सोबत. परगावी नोकरीला गेलेली मुले, अमेरिकेत किंवा आखातात राहणारी मराठी कुटुंबे यांच्याकडे या मालिकेचा उल्लेख वारंवार होतो तो याच कारणाने, असे मला वाटते. त्यांच्या स्वयंपाकघरात मराठी बोलणारे आणखी कोणी नसते.

तिसरे कारण अभिनयाचे, आणि ते संकलकाला चटकन दिसते. विनोदी नट दोन प्रकारचे असतात: काहींचा विनोद त्यांच्या वाक्यात असतो, काहींचा त्यांच्या ऐकण्यात. आबा ऐकणारे आहेत. शेखर काहीतरी बढाई मारत असताना आबा मान वर न करता वर्तमानपत्राचे पान उलटत असतील तर कात्री चालवणाऱ्याला त्या पान उलटण्याच्या आधी आणि नंतर थोडी जागा सोडावीच लागते. पाचही माणसे एका चौकटीत बसलेली असताना बोलणाऱ्याकडे पाहावे की ऐकणाऱ्याकडे, हा निर्णय प्रेक्षकावर सोडला की तोच भाग चौथ्यांदा पाहतानाही नवे काही सापडते. मालिका पुन्हा पाहण्याजोगी होते ती येथे. जिथे प्रत्येक वाक्यानंतर प्रत्येकाचा चेहरा तीन-तीन वेळा झटक्याने जवळ आणून, खाली ढोल वाजवून प्रेक्षकाला ‘आता येथे चकित व्हा’ असे सांगितले जाते, तेथे दुसऱ्यांदा पाहण्यासारखे काही उरत नाही. (हे ढोल मीही भरपूर वाजवले आहेत, तेव्हा हा आरोप स्वतःवरही आहे.)

याच ठिकाणी माझी एक चूक सांगते. वर उल्लेखलेल्या जुन्या मालिकांपैकी एकीचे मी तीन-तीन मिनिटांचे ‘सर्वोत्तम विनोद’ कापून काढले होते. हिशेब असा की लहान तुकडे जास्त फिरतात. ते फिरले नाहीत. पुन्हा पाहिल्यावर लक्षात आले की मी हशा कापून घेतला होता आणि त्याची तयारी मागेच ठेवली होती. सासऱ्याचे एक शांत वाक्य बाराव्या मिनिटाला हसवते, कारण तिसऱ्या मिनिटापासून सुनेने ते वाक्य येऊ नये म्हणून धडपड केलेली असते. आबा टिपऱ्यांचे पुष्कळसे विनोद याच जातीचे आहेत. म्हणूनच या भूमिकेची लोकप्रियता पूर्ण भागांत दिसते, तुकड्यांत त्या मानाने कमी. छोट्या व्हिडिओंचे आकडे घेऊन तुम्ही क्रमवारी लावली तर आबा खाली जातील, आणि ती क्रमवारी खोटी असेल.

तात्या विंचूचे नेमके उलट आहे. ‘झपाटलेला’ हा महेश कोठारे यांचा 1993 चा चित्रपट, आणि तात्या हा त्यातला मंत्राने बाहुल्यात शिरलेला गुंड. म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर ही दूरचित्रवाणीवरची भूमिका नाही. परंतु नव्वदच्या दशकात आणि नंतर जन्मलेल्या बहुतेकांनी तो चित्रपटगृहात पाहिलेला नसून घरच्या संचावर, सुट्टीच्या दुपारी, तोही जाहिरातींसकट पाहिलेला आहे. त्यामुळे ऑनलाइन प्रेक्षकाच्या मनात तो दूरचित्रवाणीच्याच खात्यावर जमा आहे. तात्या विंचू तुकड्यासाठीच जन्माला आल्यासारखा आहे. बाहुला दिसताक्षणी ओळखू येतो, त्याच्या तोंडचा मंत्र दोन सेकंदांत संपतो, आणि मागचा-पुढचा संदर्भ कोणालाही सांगावा लागत नाही. त्याचे स्थिरचित्रही पुरेसे असते; परीक्षेचा निकाल, पगाराचा उशीर, साहेबांचा रविवारचा फोन, कशावरही तो चिकटवता येतो. अशा चित्राची मोजणी कोणत्याच व्यासपीठावर होत नाही, तरी पसरण्याच्या दृष्टीने तो आबांपेक्षा पुढे असण्याचीच शक्यता मला अधिक वाटते.

पण ही लोकप्रियता कोणाची? चित्रपटात सुरुवातीला प्रभावळकर सदेह दिसतात, आणि नंतर बाहुल्यात उरतो तो त्यांचा आवाज. बाहुला आणि त्याची हालचाल ही शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांची कामगिरी. समोर घाबरणारे लक्ष्मीकांत बेर्डे नसतील तर त्या बाहुल्याची भीतीही निम्मी होईल आणि गंमतही. समाजमाध्यमांवर फिरते ते बाहुल्याचे तोंड, आणि ते पाठवणाऱ्या मुलांपैकी अनेकांना तो आवाज आबा टिपऱ्यांचा आहे हे ठाऊक नसते. मी स्वतः एका प्रशिक्षण वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलाने फोन काढून खात्री करून घेतली होती. हा आकडा तुम्ही प्रभावळकरांच्या नावावर मांडणार की पाध्यांच्या, हे ठरवल्याशिवाय तक्त्यातली ती ओळ भरता येणार नाही.

मी आधी जी अडचण म्हटली ती हीच. बहुतेक लोकप्रिय नटांचा एक ठसा असतो, आणि त्यांच्या सगळ्या भूमिका त्या ठशाखाली जमा होतात. प्रेक्षक नटाचे नाव टाकून शोधतो आणि एका भूमिकेवरून दुसरीकडे जातो. अशोक सराफ यांचे चाहते ‘अशोक सराफ’ असेच शोधतात. प्रभावळकरांच्या बाबतीत शोध पात्राच्या नावाने होतो. आबांचा प्रेक्षक तात्याकडे जाईलच असे नाही, आणि हिंदी प्रेक्षकाला या दोघांचाही पत्ता नसतो. त्याच्या दृष्टीने प्रभावळकर म्हणजे 2006 च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना याच चित्रपटासाठी आणि ‘शेवरी’ या मराठी चित्रपटासाठी मिळून देण्यात आला. ‘शेवरी’बद्दल ऑनलाइन किती जण बोलतात हे एकदा पाहा, एकाच पुरस्काराच्या दोन अर्ध्या भागांचे नशीब किती वेगळे असू शकते ते कळेल. गांधीजींची ती दृश्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीला वर येतात आणि मग वर्षभर शांत असतात, म्हणजे त्यांची लोकप्रियता पंचांगाशी बांधलेली आहे.

लोकप्रिय असूनही पुन्हा न पाहिल्या जाणाऱ्या भूमिकांचा एक वर्गही आहे, आणि आकडे त्याला सरळ गिळून टाकतात. 1991 च्या ‘चौकट राजा’मधला, प्रभावळकरांनीच रंगवलेला मतिमंद नंदू कोणत्याही मराठी घरात विचारा, लोक क्षणभर गप्प होतात. इतकी खोल जागा आबांनाही मिळालेली नसेल. पण नंदू कोणी जेवताना लावत नाही. लोक तो चित्रपट एकदा पाहतात आणि वर्षानुवर्षे टाळतात, कारण त्यांना तो आठवतो. पुन्हापुन्हा पाहिले जाणे हीच लोकप्रियतेची खूण मानली तर जी भूमिका माणसाला हलवून जाते ती हमखास हरते आणि जी सोबत करते ती जिंकते. दूरदर्शनच्या काळातल्या ‘साळसूद’ मालिकेत प्रभावळकरांनी रंगवलेला वरून सभ्य आणि आतून काळाकुट्ट माणूस हा याच वर्गातला. त्यांना फक्त हसवणारा नट समजणाऱ्यांनी तो शोधून पाहावा असे मी नेहमी सांगते.

आता चिमणराव. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका मुंबई दूरदर्शनवर 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली. निर्मिती विजया धुमाळे आणि याकूब सईद यांची, चिमणराव प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या मालिकांपैकी ही एक, आणि जी पिढी तेव्हा ती पाहत होती तिच्या लेखी प्रभावळकर आजही चिमणरावच आहेत. तेव्हा पर्याय नव्हता हे खरे. एकच केंद्र, संध्याकाळचे मोजके तास. तरीही लोक रस्त्यात नटाला पात्राच्या नावाने हाक मारू लागले, हे केवळ पर्याय नसल्यामुळे होत नाही.

या चिमणरावांना ऑनलाइन जागा जवळजवळ नाही. कारण प्रेक्षकाची नावड हे नव्हे. टेप उरल्या नाहीत. त्या काळची चुंबकीय टेप महाग असे, परदेशातून येत असे, आणि एक कार्यक्रम प्रसारित झाला की तीच टेप पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम उतरवला जाई. हे कोणी दुष्टपणाने केले नाही. कार्यक्रम एकदा दाखवायचा असतो, तो पुन्हा कोणी मागेल, ही कल्पनाच तेव्हा धंद्यात नव्हती. जगातल्या इतर प्रसारण संस्थांनीही हेच केले. परिणाम असा की चिमणरावांचे मोजके भाग आणि तुकडे आज पाहायला मिळतात, आणि जे मिळतात ते कृष्णधवल, धूसर, आवाजात खरखर असलेले असतात. याच जोडीचा त्याच नावाचा चित्रपटही निघाला होता, पण लोक आठवण काढतात ती मालिकेची.

टेपांशी रोजचा संबंध असल्यामुळे हा मुद्दा मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडे अधिक लिहिते. टेप उरणे एवढ्यानेही काम भागत नाही. ती कोणत्या स्वरूपातली आहे, ती चालवणारे यंत्र आज कोठे चालू स्थितीत आहे, टेपेला बुरशी लागली आहे का, आणि मुख्य म्हणजे तिच्या डब्यावर लावलेली चिठ्ठी खरी आहे का, हे सगळे पाहावे लागते. मी एकदा एका जुन्या कार्यक्रमाचा म्हणून उघडलेल्या डब्यात हवामानाच्या बातम्या निघाल्या होत्या. 2001 च्या आसपासच्या मालिका त्या मानाने नशीबवान. तेव्हा व्यावसायिक टेपेचा दर्जा चांगला होता, वाहिन्यांची संख्या वाढल्यामुळे पुन:प्रक्षेपणाला किंमत आली होती, आणि म्हणून टेपा जपल्या गेल्या. टिपरे याच फटीतून आपल्यापर्यंत आले. पंचवीस वर्षे आधी जन्मले असते तर आबाही आज एखाद्या आठवणीपुरते उरले असते. टिकलेल्या मालिकांवरही आज नवे संकट येते ते चौकटीचे: त्या चारास तीन या प्रमाणात चित्रित झालेल्या असतात, आणि रुंद पडदा भरावा म्हणून कोणी वरची-खालची कड कापतो. मग हातातले वर्तमानपत्र, पायांतली चप्पल, टीपॉयवरचा चहा निघून जातो. आबांसारख्या नटाचा अर्धा अभिनय हातांत असतो. बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या तर तक्रार करू नका, तोच खरा भाग आहे.

नव्या काळात केलेल्या कामांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. 2017 मध्ये निर्मिती सावंत यांच्यासह त्यांनी ‘चूक भूल द्यावी घ्यावी’ ही मालिका केली. ती मर्यादित भागांची असल्यामुळे पुन्हा पाहण्याजोगी आहे. पण तोवर प्रेक्षक नवी मालिका प्रसारणाच्या दिवशीच फोनवर पाहू लागला होता, त्यामुळे तिचे ऑनलाइन आकडे आणि टिपऱ्यांचे ऑनलाइन आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. एक चालू मालिकेचे, दुसरे आठवणीचे. सप्टेंबर 2025 मध्ये सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ प्रदर्शित झाला आणि वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी प्रभावळकर कोकणातल्या दशावतारी कलावंताच्या मुख्य भूमिकेत दिसले. एखादे नवे काम गाजले की जुन्या कामांचे आकडे वर जातात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. तेव्हा तुम्ही आकडे कोणत्या महिन्यात घेतले ते प्रबंधात जरूर लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला ती उसळी आबांची वाटेल.

तुम्ही विचारले नाही, पण विद्यार्थी नेहमी विचारतात म्हणून सांगते: या ऑनलाइन पाहण्यातून नटाला काय मिळते? त्या काळच्या करारांत नटाला दिवसाचे किंवा भागाचे मानधन मिळे आणि सगळे हक्क वाहिनीकडे किंवा निर्मात्याकडे जात. 2012 च्या दुरुस्तीने कलाकारांना स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) हक्क देण्याची तरतूद कॉपीराइट कायद्यात आली, तरी मी ज्या नटांबरोबर काम केले त्यांच्यापैकी कोणाला जुन्या मालिकेच्या ऑनलाइन जाहिरातींतून वाटा मिळाल्याचे मी ऐकलेले नाही. मोठा आकडा पाहून नटाची भरभराट गृहीत धरू नका.

आता प्रबंधाचे काय करावे. क्रमवारी सोडून द्या आणि तीनच भूमिका घ्या: आबा, तात्या आणि चिमणराव. आबांसाठी फक्त अधिकृत वाहिनीवरचे पूर्ण भाग घ्या, आणि आकड्यांऐवजी प्रतिक्रिया वाचा; कोणते पात्र कोणत्या शब्दांत आठवले जाते, लिहिणारा कोठून पाहतो आहे, कोणाबरोबर पाहतो आहे, हे वहीत उतरवत जा. शंभर प्रतिक्रिया नीट वाचल्यात तर एक लाखाच्या आकड्यापेक्षा अधिक हाती लागेल. तात्यासाठी व्हिडिओ मोजू नका. तुमच्याच वर्गातल्या मुलांना बाहुल्याचे चित्र दाखवून विचारा की यामागचा नट कोण, आणि किती जणांना सांगता येते ते लिहा. पात्र नटापासून कितपत सुटे झाले आहे याचे ते सरळ माप आहे, आणि हे काम एका तासात होते.

चिमणरावांसाठी मात्र ऑनलाइन काही शोधत बसू नका. ज्यांनी ती मालिका प्रसारित होताना पाहिली ते आज बहुतेक साठीच्या आसपासचे किंवा पुढचे आहेत, आणि गुंड्याभाऊ करणारे बाळ कर्वेही 2025 मध्ये गेले. तुमच्या घरात, इमारतीत, दादर-गिरगावात किंवा पुण्याच्या पेठांत असे प्रेक्षक सहज सापडतील. त्यांना गोष्ट विचारू नका, ती चिं. वि. जोशींच्या पुस्तकात आहेच. चिमणराव कसे बोलत, असे विचारा. बहुतेक जण उत्तर देण्याऐवजी नक्कल करून दाखवतील. चिमणराव आणि गुंड्याभाऊ समोरासमोर कसे उभे राहत तेही उठून दाखवतील. त्या वेळी फोन टेबलावर पालथा न ठेवता चित्रीकरणाला लावा, आणि तारीख, सांगणाऱ्याचे वय व त्या वेळी संच कोणाच्या घरी होता हे शेजारी लिहून ठेवा.